भट्टीपासून फुले वाड्यापर्यंत

पुणे म्हटले की कुणाला शनिवारवाडा आठवतो, कुणाला पर्वती. आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे मात्र वेगळे पुणे उभे राहते. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव-सावित्रीमाईंचे पुणे, १९३२ च्या कराराचे येरवडा, आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्ती बसवली ते देहूरोड. खरे सांगायचे तर मी पुण्याला गेले ते यातले काहीच पाहायला गेले नव्हते. मी गेले होते पाव, खारी, बिस्किटे आणि केक करायला शिकायला. एक वर्ष भट्टीजवळ उभी राहिले आणि वर्षाच्या शेवटी पाय आपोआप गंज पेठेतल्या फुले वाड्याकडे वळले. ते कसे, ते या लेखात सांगायचे आहे.

मायच्या हातची खिचडी

आमचे गाव परभणी जिल्ह्यात. माझी माय गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते. मदतनीस म्हणून तिला हे काम मिळाले तेव्हा मी आठवीत होते. पहिले काही दिवस वर्गातली निम्मीअधिक मुले घरून डबा आणू लागली. कुणी उघड काही बोलले नाही. "पोटात दुखतं", "घरच्यांनी नको म्हटलंय", एवढेच ऐकू यायचे. माय खिचडी शिजवायची, भांडी घासायची आणि उरलेली खिचडी पातेल्यात पाहून गप्प घरी यायची. रात्री एकदाच म्हणाली, "माझ्या हाताला काय लागलंय गं? दोन-दोनदा साबणानं धुते मी."

मुख्याध्यापक चांगले होते. ते रोज मुलांच्या पंगतीत बसून पहिला घास स्वतः घेऊ लागले. हळूहळू डबे कमी झाले. खिचडीच्या फोडणीचा वास आणि मुलांची भूक यांच्यापुढे मोठ्यांची शिकवण किती दिवस टिकणार? पण ते पहिले दिवस माझ्या मनातून गेले नाहीत.

बी. ए. झाल्यावर मी दोन वर्षे स्पर्धा परीक्षा दिल्या. दोन्ही वेळा थोडक्यात हुकले. तेव्हा मी घरी सांगितले, "मला बेकरीचं शिकायचंय." घरात जणू कुणी गेल्यासारखी शांतता झाली. काका म्हणाले, "एवढं शिकवलं ते पाव भाजायला का? बाबासाहेबांनी पेन हातात दिला आणि तू लाटणं घेतीस?"

काकांचा राग मला समजत होता. आपल्या पिढ्यांनी शिक्षण घेतले ते साहेबाच्या खुर्चीत बसण्यासाठी, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या मनात दुसराच प्रश्न होता. शाळेत आता एका बाकावर बसता येते, नळाचे पाणी पिता येते, कचेरीत एका टेबलावर काम करता येते. मग आपल्या हातचे खाताना अजूनही घास का अडतो? जिथे तो अडतो, त्याच जागी जाऊन उभे राहावे असे मला वाटले. माय तेवढी म्हणाली, "जाऊ द्या तिला. कागद कापून, लोकर विणून घरभर पसारा करती. तिच्या हाताला काहीतरी येतंय."

ताडीवाला रोड आणि मैद्याचा पहिला धडा

पुणे स्टेशनजवळ ताडीवाला रोडच्या वस्तीत माझी आत्या राहते. रुग्णालयात आयाची नोकरी करून ती निवृत्त झाली. दोन खोल्या, मागे रेल्वेचे रूळ, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. रात्रीच्या गाडीने मी पोहोचले तेव्हा आत्याने आधी चहा दिला आणि मग विचारले, "पोरी, तुझ्या त्या शाळेत काय लागतं? पुस्तक का परात?"

दोन्ही लागतात, हे मला आठवडाभरात कळले. संस्थेत आम्ही वीस जण होतो. पहिला धडा पावाचा. मला वाटायचे, हा हाताचा अंदाजाचा धंदा. पण तिथे सगळे तराजूवर. मैदा नेहमी शंभर धरायचा आणि बाकीचे त्याच्या टक्क्यांत मोजायचे. मैदा एक किलो असेल तर पाणी साधारण सहाशे ग्रॅम, मीठ वीस ग्रॅम, ओले यीस्ट वीस-पंचवीस ग्रॅम. एकदा हे गणित बसले की दहा पाव करा की हजार, चूक होत नाही. आमच्या सरांचे म्हणणे असे की, ज्याला टक्केवारी येत नाही त्याला पाव येत नाही. स्पर्धा परीक्षेचे अंकगणित असे कामाला येईल हे मला कुणी सांगितले असते तर मी हसले असते.

माझा पहिला पाव फसला. थंडीचे दिवस होते म्हणून मी पाणी चांगले कढत घेतले. दोन तास वाट पाहिली तरी पीठ जागचे हलले नाही. यीस्ट हा जिवंत जीव आहे. कोमट पाण्यात तो जागा होतो, साखर खातो, वायू सोडतो आणि पीठ फुगते. पाणी पन्नास-साठ अंशांवर गेले की तो मरतो. मैद्यातली चिवट प्रथिने तो वायू जाळीसारखी धरून ठेवतात, म्हणून पीठ मळायचे ते तसाच पातळ पडदा ताणता येईपर्यंत. माझा दगडासारखा पाव आत्याने फेकू दिला नाही. चहात बुडवून खाल्ला आणि म्हणाली, "दात गेलेत माझे, पण तुझा पाव काही गेला नाही."

खारी आणि वाकळ

खारी शिकायला लागले तेव्हा मला मायची वाकळ आठवली. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून माय दाभणाने टाके घालते. खारीचेही तेच. लाटलेल्या पिठात स्निग्ध पदार्थाचा थर ठेवायचा, तीन पदरी घडी घालायची, थंड करायचे, पुन्हा लाटायचे, पुन्हा घडी. अशा सहा घड्या घातल्या की थरांची संख्या तीनाच्या पटीत वाढत ७२९ होते. भट्टीत गेल्यावर पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती एकेक पदर वर उचलते आणि बोटभर जाडीची पट्टी फुलून येते. खारीत यीस्टही नसते आणि सोडाही लागत नाही. सारी किमया घडीची आणि वाफेची.

पण घडी घालताना घाई चालत नाही. पुण्याचा एप्रिल चाळीस अंशांपर्यंत जातो. हातांच्या उबेनेही लोणी पाघळते, मग थर एकमेकांत मिसळतात आणि खारीऐवजी तेलकट पुरी तयार होते. म्हणून लोणी वापरायचे तर पहाटे उठायचे, बर्फाचे पाणी घ्यायचे आणि प्रत्येक घडीनंतर पीठ फ्रीजमध्ये विसावू द्यायचे. बाजारातल्या खारीत बहुधा लोण्याऐवजी उशिरा वितळणारे खास मार्गारिन असते, त्याचे कारणही हेच. माय म्हणते तसे, वाकळीला निवांत हात लागतो.

दुपारनंतर आम्हाला कॅम्पातल्या एका जुन्या बेकरीत कामाला पाठवत. पुण्याचा कॅम्प हा बेकऱ्यांचा भाग. ईस्ट स्ट्रीटवरची १९५५ सालची कयानी बेकरी आणि तिची श्रूजबेरी बिस्किटे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. बिस्किटाचे नाव इंग्लंडातल्या गावाचे, दुकान इराणी कुटुंबाचे आणि गिऱ्हाईक साऱ्या जातिधर्मांचे. मी ज्या बेकरीत जात होते तिथे भट्टीवर उत्तर प्रदेशातले एक वयस्कर चाचा होते. तेरा वर्षांचे असताना ते पुण्यात आले. हात भट्टीच्या तोंडाशी नेऊन ते उष्णता सांगत, आणि आमचे थर्मामीटर तोच आकडा दाखवी. पहिल्या दिवशी मी नाव सांगितले, गाव सांगितले. ते म्हणाले, "बेटी, इथं पीठ विचारत नाही कुणी मळलं. पाव खाणारा विचारतो, ताजा आहे का?" मला ते फार बरे वाटले. पण पाव खाणारा आणखीही काही विचारतो, हे मला पुढे कळायचे होते.

साखरेची फुले

संध्याकाळी आत्याच्या खोलीत माझा दुसरा उद्योग चाले. लहानपणापासून मला कागदकामाचा नाद. पट्ट्या गुंडाळून फुले करणे, क्रोशाची नक्षी विणणे, पुठ्ठ्याचे खोके बनवणे. वर्गातल्या मुली महागडे साचे विकत आणत. माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते. मी जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून पाने-पाकळ्यांचे आकार कापले. कागदावर आधी नमुना करून पाहायचा आणि मग तोच साखरेच्या पिठात उतरवायचा. कमळाच्या पाकळ्या चमच्याच्या खोलगट भागात वाळवल्या की त्यांना बाक येतो. पिंपळपानाच्या शिरा खऱ्या पानावर दाबून उमटवल्या. सर म्हणाले, "हे कुठं शिकलीस?" मी म्हणाले, "शाळेच्या हस्तकलेच्या तासाला. त्या तासाला बाकीचे खेळायला पळायचे."

याच फुलांमुळे मला बाहेरची कामे मिळू लागली. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या ओळखीने शहरातल्या एका मोठ्या सोसायटीतल्या बाईंनी वाढदिवसाचा अर्ध्या किलोचा केक मागितला. बिनअंड्याचा. अंडी फेटून जी हवा धरून ठेवता येते ती अंड्याशिवाय दुसऱ्या वाटेने आणावी लागते. दही आणि सोडा एकत्र आले की वायू तयार होतो, त्यावर केक फुगतो. मग मिश्रण एक मिनिटही ताटकळत ठेवायचे नाही. बाईंना केक आवडला. तीन महिन्यांत त्यांनी तीन वेळा बोलावले. चौथ्या वेळी बारशासाठी दोन किलोचा केक सांगितला, वर कमळे हवी होती.

आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. सोसायटीच्या फाटकावर नोंद करायची म्हणून त्यांनी माझे पूर्ण नाव विचारले. मी सांगितले. थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालात?" मी पुन्हा सांगितले. संध्याकाळी निरोप आला, घरात पूजा आहे, सासूबाईंना बाहेरचे चालणार नाही, राग मानू नका.

केक भाजून झाला होता. अठ्ठावीस पाकळ्या वाळत ठेवल्या होत्या. मी गप्प बसले. आत्याने काही विचारले नाही. तिने सुरी आणली, केकचे लहान लहान तुकडे केले आणि गल्लीतल्या पोरांना हाका मारल्या. अर्ध्या तासात परात रिकामी झाली. रात्री ती म्हणाली, "तुझ्या आईचं पातेलं आणि तुझी परात. एकच गोष्ट आहे ही, पोरी."

दुसऱ्या दिवशी संस्थेत सांगितले, तेव्हा एका मॅडमनी मायेने सल्ला दिला, "धंद्यात आडनाव कशाला लावायचं? एखादं इंग्रजी नाव घे. केकच्या खोक्यावर कोण जात शोधतंय?" त्यांचा हेतू चांगला होता. कितीतरी जण तसे करतात आणि पोटासाठी करतात, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण मला रात्रभर झोप आली नाही. नाव लपवले तर केक खपेल. पण मग खाणाऱ्याला कळणार कसे की त्याने कुणाच्या हातचे खाल्ले?

एका रविवारची पायपीट

त्या रविवारी आत्या म्हणाली, "चल, तुला माझं पुणं दाखवते." आम्ही कॅम्पातून क्वार्टर गेटमार्गे निघालो. नाना पेठेतली दुकाने, लोखंडाचा खडखडाट, रस्त्याच्या कडेला चहाच्या टपऱ्या. आत्या दम खात चालत होती आणि बोलत होती. गुरुवार पेठेत एका उंच घंटाघराजवळ ती थांबली. "हे पंचहौद मिशन. इथलं बिस्किट लई महाग पडलं होतं."

गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये या मिशनमध्ये पुण्यातली नामवंत मंडळी जमली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कुणी खाल्ले-प्यायले, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि सनातनी पुण्यात वादळ उठले. ख्रिस्ती लोकांच्या घरचा चहा घेतला म्हणून धर्म बुडाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि देशभर नाव असलेल्या या माणसांना प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले.

आत्या हसून म्हणाली, "एका कपानं आणि बिस्किटानं एवढी मोठी माणसं बाटली. मग करणाऱ्याच्या हातात केवढी ताकद असंल बघ!"

मी हसले, पण आतून काहीतरी हलले. १८९० साली या बुद्धिमान माणसांनाही एक बिस्किट खाल्ल्याचा जाब द्यावा लागला. माझ्या गिऱ्हाईक बाईंना जाब विचारणारे शंकराचार्य आज नाहीत. तरीही त्यांनी स्वतःच स्वतःची चौकशी बसवली आणि केक नाकारला.

तिथून फुले वाडा दूर नाही. पंधरा मिनिटांत आम्ही गंज पेठेत पोहोचलो. समता भूमीच्या त्या शांत अंगणात पाऊल ठेवले आणि पेठेचा गलबला मागे राहिला. साधे, कौलारू, बुटके घर. जोतीरावांची समाधी. आणि पाणी. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याआधी जवळजवळ साठ वर्षे एका माणसाने आपल्या दारात सांगितले होते की, या, इथले पाणी तुमचेही आहे.

तिथे उभी असताना मी मनात तारखा जुळवल्या. पंचहौदचा चहा ऑक्टोबर १८९० चा. जोतीराव गेले २८ नोव्हेंबर १८९० रोजी. म्हणजे पुण्यातली मोठी मंडळी एका कपाचा दोष कसा फेडावा याचा खल करू लागली होती, त्याच दिवसांत हाकेच्या अंतरावर हा माणूस अखेरच्या आजारात होता. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडल्यावर डाव्या हाताने लिहून त्यांनी शेवटचे पुस्तक पुरे केले होते. एक पुणे कुणाचे खाल्ले याचा हिशेब मांडत होते. दुसऱ्या पुण्याने बावीस वर्षांपूर्वीच आपले पाणी सर्वांना देऊन टाकले होते.

आणखी एक गोष्ट आत्याने सांगितली. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबाराला फुले, हार-गजरे पुरवण्याचा धंदा होता, त्यावरून लोक फुले म्हणू लागले. "हाताच्या कामावरनं नाव पडलं, आणि त्यांनी ते मिरवलं," आत्या म्हणाली. "तूही फुलंच करतीस की. साखरेची का असंनात."

परत येताना मला कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची आठवण झाली. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन सगळ्यांच्या देखत त्यांच्या हातचा चहा घेतला. महाराजांनी गंगाराम यांना दुसरे नाव घ्यायला सांगितले नाही. लोकांनी पाहावे, कुणाच्या हातचे आपण पितो आहोत, हाच तर त्यातला मुद्दा होता.

चुंदाचा घास

संध्याकाळी वस्तीतल्या विहारात वंदनेला गेलो. त्या दिवशीच्या प्रवचनात भन्तेजींनी नेमकी चुंदाची कथा घेतली. तथागतांनी आयुष्यातले शेवटचे भोजन घेतले ते पावा गावच्या चुंद नावाच्या कारागिराच्या घरी. चुंद धातुकाम करणारा. त्यानंतर भगवंतांना आजार वाढला. लोक चुंदाला दोष देतील, त्याच्या मनाला टोचणी लागेल, हे ओळखून त्यांनी आनंदाला सांगितले की, चुंदाची समजूत घाल. संबोधीपूर्वी मिळालेले अन्न आणि महापरिनिर्वाणापूर्वी मिळालेले अन्न, ही दोन दाने सर्वांत श्रेष्ठ आणि सारख्याच मोलाची आहेत. आपण पहिले दान सुजाताच्या खिरीचे मानतो. दुसरे या कारागिराचे.

मी यापूर्वी ही कथा ऐकली होती, पण अशी कधीच ऐकली नव्हती. मरणाच्या दारात असताना बुद्धांना काळजी कशाची, तर वाढणाऱ्याच्या हाताला कलंक लागू नये याची! मला मायचे ते वाक्य आठवले, "माझ्या हाताला काय लागलंय गं?"

त्याच रात्री मी खोक्यावरच्या चिठ्ठीचा नमुना कापला. एक पिंपळपान, त्याखाली माझे पूर्ण नाव, आडनावासकट, आणि गावाचे नाव. मजकूर मराठीत.

ज्वारीची नानकटाई

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाला स्वतःचा एक पदार्थ करून दाखवायचा होता. कुणी फ्रेंच पेस्ट्री केली, कुणी चॉकलेटचे मनोरे उभे केले. मी ज्वारीची नानकटाई केली. आमच्याकडची पांढरी ज्वारी मायने जात्यावर बारीक दळून पाठवली होती. ज्वारीत मैद्यासारखी चिवट प्रथिने नसतात, म्हणून तिचा पाव फुगत नाही. पण नानकटाईला चिवटपणा नकोच असतो, तिला हवा खुसखुशीतपणा. भगिनींना करून पाहायची असेल तर प्रमाण असे : ज्वारीचे बारीक पीठ शंभर ग्रॅम, मैदा शंभर ग्रॅम, पिठीसाखर शंभर ग्रॅम, घट्ट तूप एकशेवीस ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची. तूप आणि साखर पांढरे होईतो फेसायचे, मग चाळलेले पीठ हलक्या हाताने मिसळायचे, मळायचे नाही. गोळे करून अर्धा तास थंड ठेवायचे आणि एकशे साठ ते एकशे सत्तर अंशांवर अठरा-वीस मिनिटे भाजायचे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर ताटली, वर झाकण, आणि मंद आच. थोडा जास्त वेळ लागतो. गरम असताना हात लावू नका, मोडतात. निवल्या की आपोआप खुसखुशीत होतात.

परीक्षक खाताना गप्प राहिले आणि दुसरी उचलली. भट्टीवरच्या चाचांसाठी मी एक खोके नेले. त्यांनी चिठ्ठीवरचे नाव कुणाकडून तरी वाचून घेतले आणि खोके जपून पिशवीत ठेवले.

नावाची चिठ्ठी लावल्यावर काय झाले, असे वाचक विचारतील. खरे ते सांगते. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघींचे फोन पुन्हा आले नाहीत. कारण त्यांनाच ठाऊक. एकींनी मात्र चिठ्ठी वाचून मुद्दाम फोन केला, "तुमच्या गावाकडची ज्वारी आहे का ही?" आणि दर महिन्याला दोन खोकी सांगितली. चौदा एप्रिलला वस्तीतल्या मंडळाने मोठे काम दिले. अन्न सुरक्षेची नोंदणी केली, बँकेत वेगळे खाते काढले, हिशेबाची वही घातली. मोठी कमाई नाही. पण आत्याला घरखर्चाला पैसे देते आणि मायला पाठवते.

तीन जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, मी गावी गेले. मायच्या शाळेत नानकटाईची चार खोकी नेली. मुख्याध्यापक आता नवीन आहेत. त्यांनी मुलांना सांगितले, आपल्या मदतनीस मावशींच्या लेकीने हे स्वतःच्या हाताने केले आहे. मुले रांगेत आली. माय दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. ती कुणाकडे पाहत होती ते मला कळले. ज्यांनी तेव्हा डबे आणले होते, त्यांतल्या एकाचा धाकटा भाऊ रांगेत होता. त्याने एक खाल्ली, बोटे चाटली आणि मायकडे जाऊन म्हणाला, "मावशे, अजून हाय का?"

माय म्हणाली, "हाय की. घे."

काका त्या दिवशी शाळेत आले नव्हते. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी खोके हातात घेतले, चिठ्ठीवरचे आडनाव दोनदा वाचले आणि म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे." आमच्या काकांच्या तोंडून एवढे म्हणजे पुष्कळ झाले.

भगिनींनो, लेकी-बाळींनी पुस्तक सोडावे असे मी कधीच म्हणणार नाही. पण ज्या मुलीच्या हाताला काही येते, तिला ते पुरेपूर शिकू द्या, तराजू आणि वहीसकट. आणि शिकल्यावर तिने जे केले त्यावर तिचे नाव लावा. पूर्ण नाव.

जयभीम.